पुलाला छप्पर कशाला?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं मुलाकडे बॉस्टनला जाणार आहोत. रंगलेली पानं बघायला व्हरमाँटला जाऊ आणि तिथले छप्पर असलेले जुने लाकडी पूलही बघू, असं तो म्हणतोय. पुलाला छप्पर कशाला, असं विचारलं तर म्हणाला, पाणी बघून घोडे बुजायचे म्हणून. मला काही पटलं नाही. खरं कारण काय? आणि एकच पूल बघायचा झाला तर कुठला बघावा? यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणं जमणार नाही.
– एक वाचक, देवरुख

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. घोड्यांची गोष्ट तिकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असते, पण छप्पर आहे ते लाकडासाठी. तुम्ही देवरुखच्या, म्हणजे वहाळावरचे लाकडी साकव लहानपणी पाहिले असतील. दर पावसाळ्यानंतर त्यांची डागडुजी ठरलेली. अमेरिकेतल्या सुतारांचं दुखणंही तेच होतं. लाकूड सतत कोरडं राहिलं तर टिकतं. भिजलं, सुकलं, परत भिजलं की कुजतं. आणि कुजायला सुरुवात होते सांध्यात, कारण खाचेत पाणी अडून राहतं. पुलाचा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या, म्हणजे लाकडं एकमेकांत अडकवून केलेले सांगाडे, पेलतात, आणि त्यांत असे सांधे शेकड्यांनी असतात. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघायचा. वर छप्पर आणि बाजूला फळ्या ठोकल्या की तोच पूल शंभर वर्षं सहज काढतो. ऊन-पाऊस फळ्या खातात, त्या बदलता येतात. आतली कैची शाबूत राहते.

बर्फासाठी छप्पर, असंही कुणी सांगेल. प्रत्यक्षात छपरामुळे पंचाईतच व्हायची. हिवाळ्यात बर्फावरून ओढायच्या बिनचाकी घोडागाड्या चालत, त्यांना पुलातही खाली बर्फ लागे. म्हणून माणसं बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पसरत. मला हा तपशील फार आवडतो.

आता कुठला बघावा ते. मी नोकरीभर पुलांचीच कामं केली, त्यामुळे माझं मत थोडं त्या अंगाने आहे : कॉर्निश-विंडसर. बॉस्टनहून गाडीने सव्वादोन-अडीच तास. कनेटिकट नदीच्या एका काठाला व्हरमाँटमधलं विंडसर, दुसऱ्या काठाला न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश. राज्यांची हद्द व्हरमाँटच्या काठाला लागून जाते, म्हणून पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचा. मुलाला हे जरूर सांगा. या जागी १७९६, १८२४ आणि १८२८ मध्ये पूल बांधले होते. १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी चौथा उभा केला, नऊ हजार डॉलरमध्ये. लांबी सुमारे ४५० फूट, आणि एवढ्या लांबीत नदीत खांब एकच, मधला. ओहायोत २००८ मध्ये ६१३ फुटांचा छपराचा पूल झाला, तेव्हा अमेरिकेतला सर्वांत लांब छपराचा पूल असण्याचा मान तिकडे गेला. तरी मी तुम्हाला हाच बघा म्हणेन, कारण दीडशे वर्षांनंतरही यावरून रोज दोन्ही दिशांनी मोटारी जातात.

तोंडाशी वर एक पाटी आहे : घोडे चालीने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडकी चाल धरलेल्या घोड्यांचे पाय ठेक्यात आपटले की पूल हलतो, म्हणून हा नियम. टोल १९४३ मध्ये बंद झाला, आज काही भरावं लागत नाही.

आत शिरल्यावर बाजूला बघा. जाड, चौकोनी तासलेली लाकडं तिरकी उभी, एक रांग डावीकडे कललेली, दुसरी उजवीकडे, एकमेकींना छेदणारी. जिथे जिथे छेदतात तिथे खाच पाडून लाकडं एकमेकांत बसवली आहेत. ही जाळीची कैची इथिएल टाउन या वास्तुकाराची. तिची पेटंटं १८२० आणि १८३५ ची. हिचं मोठेपण असं की एकसारखी लाकडं, एकसारखे सांधे. गावातल्या चांगल्या सुतारांना जमणारं काम. १९८९ च्या मोठ्या दुरुस्तीत काही भाग नव्या, थर चिकटवून केलेल्या लाकडांचे घातले. काही जाणकारांना असं करणं खटकतं. मला ते योग्य वाटतं. पूल वाहता ठेवायचा तर त्याने भार पेलायलाच हवा. बहुतेक लोक नदीकाठून फोटो काढतात आणि निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाहेरून दिसतात त्या नुसत्या फळ्या!

पण या पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी आत रेंगाळू नका. गाडीतून सावकाश पार करा, काचा खाली घेऊन. आवाजही ऐकण्यासारखा असतो. मग कॉर्निशमध्येच मिल ब्रूक ओढ्यावरच्या ब्लॅकस्मिथ शॉप पुलाकडे चला. तोही टास्करचाच, १८८१ चा. तिथे मोटारींना बंदी आहे. पूल लहान, त्यामुळे यांनाही झेपेल, आणि सांध्यांवर निवांत हात फिरवता येईल. इथली कैची वेगळी, सरळ उभे खांब आणि त्यांच्यामध्ये तिरके टेकू. दोन्ही एकाच दिवशी बघितल्या की फरक न सांगता कळतो.

पानांचा बहर साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. दुसऱ्या सोमवारी तिकडे सुट्टी असते, त्याला जोडून येणारे शनिवार-रविवार टाळा, रस्ते तुंबतात. सकाळी कडाक्याचा गारवा असतो, स्वेटर आणि कानटोपी हाताशी ठेवा. दुपारी यांना बसायला जागा हवी असेल तर कॉर्निशमध्येच शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं घर आणि बाग आहे. ती आता राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे आणि प्रदर्शनं ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडी असतात.