बायपासआधी मानेच्या नसेत ८० टक्के ब्लॉक निघाला, आता?

लालबागचे ६८ वर्षांचे काका बायपाससाठी दाखल झाले. हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक, आणि मानेच्या डॉप्लरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस, ८० टक्के अरुंद. मुलीचा जीव टांगणीला लागला: "टेबलावरच बाबांना पॅरालिसिस झाला तर? आधी मानेचंच करून घेऊ या ना!"

भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर ८० या आकड्यात नाही. एकाच बाजूची नस अरुंद असेल आणि मेंदूचा त्रास कधीच झाला नसेल, तर बायपासआधी ती सरसकट उघडत नाहीत. बायपासमधले पॅरालिसिसचे बरेचसे झटके मानेतून येतच नाहीत. महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लावताना तिच्या भिंतीवरचा कण सुटतो आणि मेंदूत जातो. मान साफ करून हा धोका टळत नाही, वर त्या ऑपरेशनचा धोका पदरात पडतो.

म्हणून आधी विचारायचं ते हे: गेल्या सहा महिन्यांत एका डोळ्यासमोर पडदा आला? जीभ अडखळली? एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, भले पाच मिनिटांत ठीक झाला असेल? काका म्हणाले, "छे, काही नाही." काकूंना आठवलं. "अहो, गणपतीआधी वाण्याकडे सुट्टे पैसे उचलता येईनात ना तुम्हाला? उजवा हात. दहा मिनिटं. हातावर झोपलो होतो म्हणालात."

डाव्या नसेचा त्रास उजव्या हातात दिसतो. त्या दहा मिनिटांनी सगळा बेत बदलला. न्यूरॉलॉजिस्टने तपासलं, मेंदूचा एमआरआय आणि मानेचा सीटी अँजिओ झाला.

छातीतलं दुखणं आटोक्यात असतं तर मान आधी आणि बायपास नंतर, असं जमलं असतं. काकांना बसल्या जागी दुखत होतं. म्हणून एकाच भुलीत आधी मानेची नस उघडून आतला थर काढायचा, पॅच लावून शिवायची आणि लगेच बायपास, असं ठरलं. मुलीने स्टेंटचंही विचारलं. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधं साधारण महिनाभर घ्यावी लागतात, आणि रक्तस्राव होऊ नये म्हणून बायपासच्या पाच दिवस आधी क्लोपिडोग्रेल बंद करतात. काकांकडे तो महिना नव्हता.

शुद्धीवर आल्यावर नर्स दोन्ही हात आवळायला आणि जीभ बाहेर काढायला सांगते. जीभ एका बाजूला वळली किंवा आवाज घोगरा झाला, तर बहुधा मानेतल्या नर्व्हला (मज्जातंतूला) ताण बसलेला असतो. तो बहुतेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येतो. मात्र मान सुजून श्वास अडायला लागला, तर त्याच क्षणी हाक मारायची.