गुरुजी, भूतानला जा, पण पोस्टातलं खातं मोडून नका जाऊ

आर्णीकडच्या एका रिटायर्ड जिल्हा परिषद गुरुजींचा प्रश्न आहे. रिटायर झाल्यावर स्वतःच्या गाडीने काकूंसोबत, म्हणजे त्यांच्या पत्नीसोबत, नेपाळ आणि मग भूतान करायला निघाले होते, पोखऱ्याला पोचले तर घरून फोन, आई अंगणात पडली, खुबा मोडला. तिथूनच गाडी वळवली, घरी यायला तीन दिवस लागले. अडीच महिन्यांनी काकूंच्या छातीत दुखलं, नागपूरला अँजिओप्लास्टी झाली. दोन्ही मिळून साडेतीन लाख गेले, ट्रिपचे पैसे त्यातच संपले. आता सव्वा वर्षाने दोघी बऱ्या आहेत, आई वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. राहिलेलं भूतान करायला पोस्टातल्या सिनियर सिटिझन स्कीमचे 20 लाख मोडून 2 लाख काढू का, की वावर मक्त्याने देऊ, असं विचारलंय. गाडीच्या डॅशबोर्डात सुनौली बॉर्डरची भन्साराची, म्हणजे नेपाळच्या कस्टमची, पावती अजून तशीच ठेवली आहे म्हणतात.

गुरुजी, पहिले सांगतो की जा. चाळीस वर्षं खडू धरला, हा खर्च चैनीचा नाही. पण पोस्टातल्या खात्याला हात लावू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, पूर्ण खातंच बंद करावं लागते, आणि तुमची दोन वर्षं झाली म्हणून 1 टक्का कापतील, म्हणजे 20 हजार उगाच गेले, शिवाय परत खातं उघडलं तर त्या दिवशी जो रेट असेल तो. आज 8.2 टक्क्याने दर तिमाहीला 41 हजार येऊन राहिले तेच तुमचं ट्रिपचं पीक आहे. ऑक्टोबर आणि जानेवारीचं व्याज म्हणजे 82 हजार, पेन्शनमधून तुमच्या हिशोबाने महिन्याला 9 हजार उरतात, सहा महिन्यांचे 54, झाले 1 लाख 36 हजार. मार्चमध्ये निघा, तोवर कापूस-तूर घरी आलेली राहते आणि आपल्याकडचं ऊनही चुकते. वावर मक्त्याने द्यायची मग गरजच नाही, तुमचा धाकटा भाऊ ते वाहते, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो.

आता तुम्ही विचारलं नाही पण मला ज्याची खरी काळजी वाटली ते सांगतो. आई पडली तेव्हा सगळा पैसा तुमच्या एकट्याच्या नावावर होता आणि भावाने कृषी केंद्रवाल्याकडून 40 हजार उसने घेतले तेव्हा ॲडमिशन झाली, हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबलो. तुमच्याजवळ 3 लाख 10 हजाराची एफडी उरली आहे, ती ट्रिपसाठी मोडायची नाही हे तर झालंच, पण त्यातला एक लाख भावासोबतच्या जॉइंट सेव्हिंग खात्यात टाका, दोघांपैकी कोणालाही काढता येईल असं लिहून द्या, एटीएम भावाजवळ. हे झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आई 84 च्या आहेत, त्यांचं सत्तरीच्या वरचं आयुष्मान कार्ड काढा, वर्षाला 5 लाखाचं कव्हर, उत्पन्नाची अट नाही. महात्मा फुले योजनाही आता पांढऱ्या रेशनकार्डाला चालते, अँजिओप्लास्टी त्यात येते, फक्त हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे. मागच्या वेळी घाईत कोणी पाहिलंच नाही. यवतमाळ आणि नागपूरची दोन-तीन नावं आताच लिहून भावाच्या मोबाइलमध्ये ठेवा. काकूंची मेडिक्लेम नवीन काढली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत वेटिंग लावतात, तरी काढाच, सप्टेंबर 2025 पासून त्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना हृदयाचा आजार लपवू नका, नाहीतर क्लेम नाकारतील.

गाडीबद्दल मी तुमच्या मनासारखं बोलणार नाही. गावाहून भूतानच्या सीमेवरच्या जयगावपर्यंत दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, तिकडे काही झालं तर गाडी टाकून विमानाने येता येत नाही, मागचे तीन दिवस आठवा. न्यू जलपाईगुडीपर्यंत ट्रेनने जा, तिथून भाड्याची गाडी, सीमेपलीकडे फुंतशोलिंगला भूतानची टॅक्सी, आणि परत यायची वेळ आली तर बागडोगराला विमानतळ आहे. गाडी न्यायचीच असेल तर पॉलिसीची हद्द जास्तीचा प्रीमियम भरून भूतानपर्यंत वाढवून घ्या, साधी पॉलिसी बॉर्डरपलीकडे चालत नाही.

भूतानचा पंधरा रात्रीचा बेत आठ रात्रीवर आणा. भूतान सरकारची फी भारतीयांना माणशी रात्रीला 1,200 आहे, दोघांचे 19,200 होतात, पंधराचे 36 हजार झाले असते. आपला रुपया तिथे बरोबरीने चालते, पैसे बदलायची कटकट नाही. थिंफू, पारो पुरे. चेले ला खिंड जवळजवळ 4,000 मीटरवर आहे, डॉक्टर हो म्हणाले तरच तिकडे जा.

म्हणून तिकीट काढायच्या आधी काकूंना डॉक्टरकडे न्या, टीएमटी (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती टेस्ट) करा आणि एवढ्या उंचीवर चालेल का हे कागदावर लिहून घ्या. गोळ्या वीस दिवसांच्या सोबत, दोन बॅगेत वाटून. डॉक्टर काय म्हणाले ते कळवा आणि जॉइंट खात्याचं पासबुक घेऊन या, मार्चचा हिशोब समोर बसून करू.