अ‍ॅम्प आपोआप चालू व्हावा म्हणून दीड लाख?

प्रश्न: कोथरूडला आमचा स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दोघांचे मिळून महिन्याला १,१५,००० रुपये हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता धरून खर्च ८५,०००, एसआयपी १२,०००. बचत खातं आणि एफडी मिळून २,३०,००० आहेत. हॉलमध्ये सहा वर्षांपूर्वीचा एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज स्पीकरांना पुरवणारं यंत्र) आहे आणि पुढच्या दोन स्पीकरांसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. रिसीव्हर रिमोटने चालू होतो, अ‍ॅम्पचं बटण मात्र मागच्या बाजूला आणि अ‍ॅम्प टीव्हीखालच्या कपाटात. सासऱ्यांना वाकून हात घालणं जमत नाही, म्हणून तो चोवीस तास चालूच ठेवतो. दुकानदार म्हणतो, १,४४,००० चा नवा रिसीव्हर घ्या, वेगळा अ‍ॅम्प लागणारच नाही. १२,००० चे १२ हप्ते, नो-कॉस्ट ईएमआय. नाहीतर रिसीव्हरबरोबर आपोआप चालू होणारा नवा अ‍ॅम्प ६८,००० ला. वर्षभर एसआयपी थांबवून पहिला पर्याय घ्यावा का? विजेचं बिल आणि रिसीव्हरच्या मागचा फोटो जोडला आहे. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर अ‍ॅम्प नुसता चालू असताना ५५ वॅट दाखवतो.

उत्तर: घेऊ नका. तुमची अडचण एका बटणाची आहे आणि ते बटण चार हजारांच्या आत दाबलं जातं. दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

आधी तो फोटो. रिसीव्हरच्या मागे उजवीकडे खाली हेडफोनची पिन जाईल असं एक छोटं भोक आहे, त्यावर ‘ट्रिगर आउट १२ व्होल्ट, १५० मिलिअँपिअर’ असं छापलंय. रिसीव्हर चालू झाला की तिथे १२ व्होल्ट डीसी येतात, स्टँडबायला गेला की जातात. बाहेरचा अ‍ॅम्प चालू-बंद करायलाच ही सोय दिलेली असते. ६८,००० च्या नव्या अ‍ॅम्पची खासियत एवढीच की त्याला ‘ट्रिगर इन’ आहे, म्हणजे दोघांमध्ये एक वायर टाकली की झालं. तुमच्या अ‍ॅम्पला ते नाही, म्हणून मध्ये एक रिले, म्हणजे १२ व्होल्टच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, बसवायचा. जुना अ‍ॅम्प विकून १५,००० आले असं धरलं, तरी त्या एका भोकासाठी तुम्ही ५३,००० मोजणार.

पैसे काढण्यापूर्वी दोन गोष्टी फुकटात तपासा. एक, अ‍ॅम्पच्या मागे ‘ऑटो’ किंवा ‘सिग्नल सेन्स’ असा सरकता खटका आहे का. असला तर तो लावून आठवडाभर बघा. मात्र रात्री हळू आवाजात लावलं तर असा अ‍ॅम्प कधी कधी जागाच होत नाही, किंवा लांबलेल्या शांत प्रसंगात झोपी जातो. केबलमध्ये घुंई असेल तर उलट, कधीच बंद होत नाही. दोन, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ट्रिगर कुठल्या झोनला (म्हणजे कुठल्या खोलीच्या स्पीकरांना) आणि कुठल्या इनपुटला जोडलाय ते बघा. तो मुख्य झोनला आणि सगळ्या इनपुटला चालू हवा. मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून पिनेचं टोक आणि बाहेरची बाजू यांमध्ये मोजा. रिसीव्हर चालू असताना १२ च्या आसपास आणि स्टँडबायला शून्य आलं, तर पुढचं सगळं सोपं आहे. आलं नाही तर टीव्हीच्या यूएसबीतले ५ व्होल्ट वापरून ५ व्होल्टचा रिले चालवता येतो. फक्त टीव्ही बंद केल्यावर ते यूएसबी खरंच बंद होतं का, हे आधी मोजून घ्या. बऱ्याच टीव्हींमध्ये होत नाही.

आता विजेचं बिल. ५५ वॅट म्हणजे दिवसाला १.३२ युनिट, महिन्याला जवळपास ४०. तुमचा वापर दिवसाला तीन तासांचा धरला तर त्यातली ५ युनिटं कामाची, बाकी ३५ युनिटं नुसती कपाट गरम करतात. इथे बहुतेक जण एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढतात आणि फसतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचा वापर ३४० युनिटांचा आहे. म्हणजे वाचणारी ३५ च्या ३५ युनिटं ३०० च्या वरच्या महाग टप्प्यातली आहेत, स्वस्त टप्प्यातलं एकही नाही. तुमच्या बिलावर त्या टप्प्याचा दर वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १७ रुपयांच्या आसपास पडतो. ३५ गुणिले १७, म्हणजे महिन्याला सुमारे ५९० रुपये, वर्षाला सात हजारांवर. हे पैसे आज जातच आहेत, फक्त वेगळ्या नावाने दिसत नाहीत.

रिलेचा डबा कसा असावा ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम ज्याच्याकडे द्याल त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळे सुटे भाग मिळतात. १२ व्होल्ट डीसी कॉइलचा, ३० अँपिअर संपर्काचा रिले घ्या. विकत घेताना कॉइलचा रोध मोजायला सांगा: १५० ओहमच्या आसपास असेल तर तो ८० मिलिअँपिअर ओढेल, रिसीव्हरच्या १५० च्या मर्यादेत निवांत बसतो. १२० ओहमपेक्षा कमी असेल तर नको. कॉइलवर १एन४००७ हा डायोड उलटा लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो दोन-चार रुपयांचा असतो, पण नसला तर रिले सुटताना उठणारा झटका रिसीव्हरच्या ट्रिगरमध्ये शिरतो आणि तिथला ट्रान्झिस्टर गेला की रिसीव्हर उघडावा लागतो.

भिंतीकडून येणारी फेज आधी फ्यूजमधून, मग रिलेच्या ‘नॉर्मली ओपन’ (एरवी उघडा राहणाऱ्या) संपर्कातून, मग डब्यावरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला. न्यूट्रल आणि अर्थ थेट, मध्ये काही नको. फ्यूज अ‍ॅम्पच्या मागे छापलाय त्याच आकड्याचा आणि स्लो-ब्लो, म्हणजे क्षणिक धक्क्याने न उडणारा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. डबा बंद प्लास्टिकचा, आणि आत १२ व्होल्टच्या तारा २३० च्या तारांपासून लांब, वेगळ्या बाजूने नेलेल्या. डब्यावर एक निऑन दिवा हवाच, बाहेरून दिसेल असा. त्याचं कारण पुढे येतंय. रिसीव्हरपासून डब्यापर्यंत ३.५ मिलिमीटरची मोनो पिन, टोकाला प्लस. ही पिन रिसीव्हर बंद असतानाच घाला-काढा, कारण आत सरकताना ती क्षणभर प्लस-मायनस जोडू शकते.

गडबड होते ती बहुतेक रिलेच्या निवडीत. दुकानात निळ्या रंगाचा छोटा १० अँपिअरचा रिले ५० रुपयांत हातावर ठेवतील आणि ‘अ‍ॅम्प तर दोन अँपिअर घेतो’ म्हणतील. चालू असताना घेतोही तेवढेच. पण आतला गोल ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कॅपॅसिटर पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढतात. छोट्या रिलेचे संपर्क अशा धक्क्यांनी हळूहळू चिकटतात आणि एक दिवस सुटतच नाहीत. मग अ‍ॅम्प पुन्हा चोवीस तास चालू, आणि तुम्हाला पत्ताही नाही. निऑन दिवा त्यासाठीच. कोणी सॉलिड-स्टेट (हलणारे संपर्क नसलेला) रिले सुचवला तर तोही नको. बाजारात जो सर्रास मिळतो तो व्होल्टेज शून्यावर असताना जोडणारा असतो, हीटरला उत्तम. ट्रान्सफॉर्मरला मात्र नेमकी ती वेळ सर्वांत वाईट, कारण त्या क्षणी जोडल्यावरच त्याचा लोखंडी गाभा सर्वाधिक संपृक्त होतो आणि सर्वांत मोठा धक्का ओढतो.

आज मागचं बटण दाबताना एमसीबी पडतो का, किंवा दिवे लुकलुकतात का, हे एकदा बघा. तसं असेल तर अ‍ॅम्पच्या आधी सॉफ्ट-स्टार्टचं सर्किट (सुरुवातीचा धक्का हळू करणारं) घालावं लागेल, सात-आठशे रुपये वाढतील. एमसीबी ‘बी’ प्रकारचा असेल तर तो ‘सी’ प्रकारचा करूनही बऱ्याचदा भागतं: अचानक आलेल्या धक्क्याला ‘बी’ आपल्या अँपिअरच्या तीन ते पाच पटींवर पडतो, ‘सी’ पाच ते दहा पटींवर. बदल त्याच अँपिअरचा करायचा, मोठा बसवायचा नाही.

माझा अंदाज असा: रिले, डबा, सॉकेट, फ्यूज, वायर, पिना मिळून १,५००, मजुरी १,०००, सॉफ्ट-स्टार्ट लागला तर ८००. म्हणजे ३,३००, वर थोडं सुटं धरून ४,०००. महिन्याला ५९० वाचले तर सात महिन्यांत वसूल. काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. घरातल्या हौशी भाच्याला १२ व्होल्टच्या बाजूचं जमेल, २३० च्या बाजूला त्याला हात लावू देऊ नका.

मग स्मार्ट प्लग का नको? हजार-बाराशेचा १६ अँपिअरचा प्लग चालतो, पण रिसीव्हर चालू झाला हे त्याला आपणहून कळत नाही. सासऱ्यांना आणखी एक अ‍ॅप उघडायचं किंवा आणखी एक वाक्य बोलायचं. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि परत आली, की काही प्लग आपोआप चालू स्थितीत येतात. अ‍ॅम्प दिवसभर पुन्हा चालू. रिलेच्या डब्यात सहसा तसं होत नाही: स्टँडबायमधला रिसीव्हर वीज आल्यावर बहुधा स्टँडबायमध्येच राहतो, ट्रिगर शून्य, अ‍ॅम्प बंद. ‘मास्टर-स्लेव्ह’ पट्टी हा आणखी एक मार्ग. ती रिसीव्हरचा करंट बघून बाकीचे सॉकेट चालू करते. पण रिसीव्हर नेटवर्क स्टँडबायमध्ये बरीच वीज खात असेल तर तिला चालू आणि बंद यांतला फरक कळत नाही. आणि परदेशातून मागवलेल्या ट्रिगरवाल्या तयार पट्ट्या बऱ्याचदा १२० व्होल्टच्या असतात, त्या इथे लावू नका.

आता हप्त्यांकडे येऊ. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज सोडत नाही. ते व्याज विक्रेता सवलत म्हणून भरतो आणि बँक तुमच्याकडून हप्त्यात घेते. कार्डाचा दर १६ टक्के धरला तर १२,००० च्या १२ हप्त्यांत मुद्दल साधारण १,३२,३०० आणि व्याज ११,७००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, म्हणजे २,१०० रुपये, वर प्रोसेसिंग फी. हा आकडा जाचक नाही. खरा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो असा: एकरकमी दिले तर किती? विक्रेता बँकेला जे सोडायला तयार आहे ते तुम्हाला सोडायला तयार नसेल, तर ‘नो-कॉस्ट’ची किंमत तुम्हीच मोजताय.

एसआयपीचा हिशोब याहून मोठा आहे. वर्षभराचे १,४४,००० थांबले आणि पुढची १० वर्षं १० टक्के परतावा मिळाला असं गृहीत धरलं (हमी नाही, गृहीतकच), तर ती रक्कम ३,७३,००० च्या घरात जाते. बटणासाठी एवढं कोणी मोजत नाही.

त्याहून मला खटकतं ते वेगळंच. ८५,००० च्या खर्चाला तुमच्याकडे २,३०,००० आहेत, म्हणजे पावणेतीन महिन्यांची सोय. डोक्यावर गृहकर्ज आणि घरात ज्येष्ठ माणूस, अशा घराला सहा महिन्यांचे ५,१०,००० हवेत. तूट २,८०,०००. खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला १८,००० उरतात, त्यातले १६,००० फक्त इकडे वळवले तर दीड वर्षात तूट भरते. त्याआधी कोणतंही नवं यंत्र घेऊ नका, हप्त्याने तर नाहीच.

रिसीव्हर कधी बदलावा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यातलं एचडीएमआय आणि आवाज-चित्राचे फॉरमॅट जुने होतात. साधा अ‍ॅम्प तसा जुना होत नाही, म्हणून तो विकू नका. शिवाय तो घेतला तेव्हा स्पीकर ४ ओहमचे (म्हणजे जास्त करंट ओढणारे) आहेत म्हणून घेतला असेल तर नव्या रिसीव्हरलाही तो लागेलच. स्पीकरच्या मागे छापलेलं बघा. आपत्कालीन रक्कम पूर्ण झाली की महिन्याला ४,००० ची आवर्ती ठेव तीन वर्षांसाठी सुरू करा, मुद्दलच १,४४,००० होईल. तोवर तोच रिसीव्हर बहुधा स्वस्तात मिळेल.

डबा लागला की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी बघा. बंद करताना स्पीकरमधून ‘ढप्’ असा आवाज येतो का. हलका असेल तर चालेल, दचकवणारा असेल तर बंद करण्याआधी म्यूट करायची सवय लावा किंवा अ‍ॅम्पमधला म्यूटिंग रिले तपासून घ्या. आणि घुंई आली तर अ‍ॅम्पची अर्थ पिन कधीही काढू नका. रिलेची कॉइल मेन्सपासून अलग असल्यामुळे ट्रिगरच्या वायरने घुंई सहसा येत नाही, दोष सिग्नल केबलमध्ये किंवा टीव्हीच्या केबल जोडणीत शोधा.

एसआयपी थांबवण्याचा अर्ज आधीच देऊन टाकला असेल तर तो ‘पॉज’चा आहे की रद्द करण्याचा, हे आज बघा. पॉज असेल तर ठरलेले महिने संपले की हप्ता आपोआप सुरू होतो. रद्द केला असेल तर नवी नोंदणी करावी लागेल. बँकेतला जुना मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) अजून चालू असेल तर तोच वापरता येतो, त्यामुळे तो रद्द करू नका.