भाई केशवराव धोंडगे कोण होते? आमदार म्हणून त्यांनी नेमकं काय काम केलं?

मी कंधार तालुक्यातलाच, त्यामुळं या प्रश्नाला उत्तर द्यावंच वाटलं. नांदेड जिल्ह्याबाहेरच्या नव्या पोरांना आता हे नाव माहीत नसतं याचं लई वाईट वाटतं.

केशवराव 1922 चे, गऊळ गावचे. शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणून सगळे भाईच म्हणायचे, आणि मन्याड खोऱ्याचा वाघ हे लोकांनी दिलेलं नाव. निजामाच्या राज्यात वाढलेली ती पिढी, खेड्यात शाळा नाही, वरचं शिक्षण उर्दूत, मग शेतकऱ्याच्या पोरानं शिकावं कुठं? भाईंनी 1948 ला, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्याच साली, कंधारला शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी काढली. माझे वडील त्याच संस्थेत शिकले, ती शाळा नसती तर आमच्या घरात आजही कुणाला नीट वाचता आलं नसतं हे मी अगदी खरं सांगतो.

1957 ला ते कंधारमधून आमदार झाले, पुढं 1977 ला नांदेडचे खासदार, आणि नंतर परत विधानसभा. जिल्ह्यात शंकरराव चव्हाणांसारखा मोठा काँग्रेस नेता असताना शेकापच्या तिकिटावर निवडून येत राहणं सोपं नव्हतं बरं का.

आता काम. आमदार म्हणलं की आपल्याला रस्ता, सभामंडप, हायमास्ट आठवतो. पण भाई जवळपास सगळा काळ विरोधी बाकावर, पक्ष छोटा, निधी वाटायची सत्ता हातात नाही, मग अशा आमदाराकडं राहतं काय तर तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा म्हणणारी सूचना) आणि आवाज. तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात, आणि खालचा अधिकारी त्या उत्तरासाठी फाईल काढतो जी एरवी वर्षानुवर्षं हलत नसते. माझ्या मते आमदाराचं खरं काम हेच, आणि आजकाल लोक आमदाराला हे विचारतच नाहीत, लग्नाला आला का एवढंच बघतात.

गुराख्यांसाठी साहित्य संमेलन भरवायची कल्पनाही त्यांचीच, त्यासाठी कंधारजवळ गुराखीगड उभा केला. जनावरं राखणाऱ्या माणसाच्या ओव्या-गाणी स्टेजवर आणायची हे दुसऱ्या कुठल्या आमदाराला सुचलं?

वयाची शंभरी झाली तेव्हा 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेनं त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला आणि 1 जानेवारी 2023 ला भाई गेले. कंधार नावाचा मतदारसंघ आता राहिला नाही, तो भाग लोहा मतदारसंघात येतो, पण 2019 ला तिथून परत शेकापचाच आमदार निवडून आला होता.

अजून खोलात जायचं असेल तर विधानसभेच्या कार्यवाहीचे जुने खंड वाचा, 1957 नंतरचे.