अमेरिकन काँग्रेसमध्ये नव्याने बहुमत मिळालेल्या पक्षाने विरोधकांना सोबत घ्यावं का?

घ्यावं, पण सरसकट नाही. आधी आकडे बघा. प्रतिनिधीगृहात 435 पैकी 218 मतं असली की विधेयक पुढे सरकतं. सिनेटमध्ये मात्र बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच 60 मतं लागतात. राष्ट्राध्यक्ष विरोधी पक्षाचे असतील तर नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश. एवढं संख्याबळ नव्या बहुमताकडे क्वचितच असतं. कर आणि खर्चाचे काही विषय 'रिकन्सिलिएशन' या अर्थसंकल्पासाठीच्या खास प्रक्रियेतून साध्या बहुमताने होऊ शकतात. बाकी ठिकाणी समोरची मतं मिळवावीच लागतात.

ती मिळवायची वेळ म्हणजे विधेयकाचा मसुदा समितीपुढे असताना. तेव्हाच विरोधी सदस्याला सहप्रायोजक करा, त्याची एखादी खरी दुरुस्ती स्वीकारा. तयार विधेयक हातात देऊन पाठिंबा मागितला तर तो कशासाठी देईल?

2021 चा पायाभूत सुविधांचा कायदा बघा. सिनेटमध्ये 69 विरुद्ध 30, बाजूच्या मतांत 19 रिपब्लिकन, म्हणजे तेव्हाच्या विरोधी पक्षाचे. प्रतिनिधीगृहात मात्र तो अनेक आठवडे अडकला, कारण डेमोक्रॅट्समधल्या डाव्या गटाने त्याची सांगड मोठ्या सामाजिक खर्चाच्या विधेयकाशी घातली होती. शेवटी 228 विरुद्ध 206 ने तो मंजूर झाला. सहा डेमोक्रॅट विरोधात गेले, 13 रिपब्लिकन बाजूने आले. ते 13 नसते तर विधेयक पडलं असतं.

म्हणून आपल्याच गटाची मोजणी आधी करा. आणि श्रेय वाटून द्या, कारण समोरच्या सदस्याला स्वतःच्या पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, लढवायची असते.