वडिलांना डिमेन्शिया आहे, तरी गावातल्या गावात गाडी चालवतात. आरटीओकडून लायसन्स रद्द करून घेता येतं का?

येतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६. आजारामुळे माणूस गाडी चालवायला लायक राहिलेला नाही असं मानायला कारण असेल तर लायसन्स कधीही रद्द करता येतं, नाहीतर डॉक्टरी दाखला मागता येतो. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडून अर्ज द्या. पण कागद रद्द झाला म्हणून गाडी थांबत नाही. बिनलायसन्सचे काय कमी फिरतात आपल्याकडे? खरं तर ‘गावातल्या गावात’ वाचून माझं डोकं सणकलं. आमचे भावजी अगदी हेच म्हणायचे.

सासरे एसटीत ड्रायव्हर. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. निदान झाल्यावरही वॅगनआर तेच चालवायचे, कारण पुण्याहून भावजींचा फोन, “आण्णांना चालवू दे, बरं वाटतं त्यांना.” २०२२ च्या मे महिन्यात साताऱ्याहून पुण्याला लग्नाला निघालो. मी पुढे, सासूबाई मागे. खंबाटकीला तेव्हा पुण्याकडे जायचं ते बोगद्यातून. घाटाचा रस्ता फक्त पुण्याकडून येणाऱ्यांना होता. बोगदा नव्हता तेव्हा घाट दुतर्फा होता आणि आण्णांची बरीचशी नोकरी त्याच घाटात गेलेली. घाटाखालच्या वेळे गावाजवळ दुभाजक तुटतो तिथून त्यांनी गाडी पलीकडे घातली आणि घाट चढायला लागले.

चालवत मात्र सुरेख होते. वळणाआधी सेकंड, वळणावर हॉर्न, धक्का म्हणून नाही. समोरून ट्रक लाइट मारत येतोय आणि हे म्हणतात, “राँग साइडने येतोय बघ. ह्याला लायसन्स कुणी दिलं?” मी रस्ता एकेरी असल्याचं सांगितलं तर, “मला घाट शिकवू नको.” सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. शेवटी मी ओरडले, “आण्णा, आईंना उलटी होतेय!” लगेच इंडिकेटर, गाडी कडेला, हँडब्रेक. मी आधी चावी काढली. एका ट्रकच्या क्लीनरने वरून येणाऱ्या गाड्या थोपवल्या, तेव्हा कुठे मी गाडी वळवून खाली आणली.

म्हणून ‘नीट तर चालवतात’ हा पुरावा मला सांगू नका. क्लच-गिअर अंगात मुरलेले असतात, ते फार उशिरा जातं. आधी जातो तो अंतराचा अंदाज, दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देणं, आणि आपलं काही चुकतंय ही जाणीव. त्यामुळे ‘प्रेमाने समजावा’ म्हणणाऱ्यांनी स्वतः येऊन समजवावं. गावात तर शाळा सुटलेली असते, गुरं आडवी येतात.

भावजींचा दुसरा मुद्दा, “लायसन्स अजून चालू आहे की!” पंचावन्न वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी लागणाऱ्या नमुना १-अ च्या दाखल्यात डोळे, कान, हातपाय बघतात. आज वार कोणता, हे कोण विचारतो? आणि पाच वर्षांत हा आजार माणसाला कुठल्या कुठे नेतो.

गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या, म्हणजे राग त्यांच्यावर निघतो. नुसती चावी लपवू नका. दिवसभर शोधतात आणि आळ कामवालीवर येतो. गाडीच दारातून हलवा. आम्ही विकली आणि ‘सर्व्हिसिंगला दिलीय’ सांगत राहिलो. खोटं होतं, चालतं.

हां, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात काहींना डॉक्टर तपासून मर्यादित चालवू देतात, पण मग दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, झोपेच्या गोळ्या यांनीही डोकं गोंधळतं, तेही बघून घ्या.

राहिलं ‘गाडी काढून घेतली की माणूस खचतो’. खचतो ना. आण्णा महिनाभर धड बोलले नाहीत. मग भावजी, एखाद्या रविवारी साताऱ्याला या, त्यांना पुढच्या सीटवर बसवून कासला फिरवून आणा. गाडी तुम्ही चालवा आणि गिअर कधी टाकायचा यावरून त्यांच्या शिव्याही तुम्हीच खा.