विषाणू सदिश? कसला सदिश!

ताई, तुमच्या लेकीच्या नोट्समधलं वाक्य असं आहे ना, 'विकसनशील मेंदूतील जनुकांचे कार्य अभ्यासण्यासाठी विषाणू सदिश वापरतात', आणि तुम्ही विचारलंय की सदिश तर आम्ही गणितात शिकलो, ते इथं कुठनं आलं. कुठनं म्हणजे, कुणीतरी डिक्शनरीत व्हेक्टर शोधलं आणि पहिला दिसला तो शब्द उचलला, दुसरं काय. सदिश म्हणजे दिशा असलेली राशी, वेग, बल वगैरे. व्हायरसला कसली आलीय दिशा.

व्हेक्टर मूळ लॅटिन, वाहून नेणारा. त्यातला वेहेरे आणि आपला संस्कृत 'वह्' एकाच घरचे, त्यामुळं 'वाहक' बरोबर बसतो. पण नुसतं वाहक म्हटलं तर आपल्या एसटी स्टँडवर तो कंडक्टर, थॅलेसेमियात ज्याला स्वतःला आजार नाही पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो असा माणूस, आणि 'विषाणूवाहक' असं जोडून लिहिलं तर अजूनच घोळ, तो तर विषाणू वाहणारा झाला, म्हणजे डेंग्यूचा डास की हो! इथं विषाणू ओझं नाहीये, तोच हमाल आहे. म्हणून मी तरी 'जनुकवाहक विषाणू' लिहीन.

सोलापूरकराला धोटा (मागावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडं धावतो तो) म्हटलं की लगेच कळेल बघा, हा विषाणू तसाच. रेट्रोव्हायरस नावाच्या विषाणूमधली त्याची स्वतःची, पिल्लावळ वाढवायची जनुकं काढतात आणि आपल्याला पाहिजे ते जनुक कांडीसारखं आत भरतात, मग तो कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतल्या पोकळीत सोडतात, तिथल्या विभागणाऱ्या पेशीत शिरून तो ते जनुक तिच्या डीएनएत कायमचं विणून टाकतो आणि पुढं त्या पेशीच्या सगळ्या लेकीबाळींत ते उतरतं. स्वतः मात्र पुढं पसरू शकत नाही. सोबत जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलं (त्यालाच २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल) की कुठल्या पेशी त्या घराण्यातल्या ते मायक्रोस्कोपखाली दिसतं, आणि एखादं जनुक जादा चालवलं किंवा दाबलं तर त्या पेशी भलतीकडंच जातात का, वेगळ्याच बनतात का, हे पण कळतं. पेपरात धोटा लिहू नको म्हणावं फक्त.

आणि हो, ते 'विकसनशील' पण खोडा, ते देशाला लावतात. गर्भातला मेंदू 'घडत असलेला'. सर मार्क कापतील अशी भीती वाटत असेल तर पुढं कंसात व्हेक्टर लिहायचं, देवनागरीत.